अपडेटनंतर सर्व्हर गायब होऊ नये म्हणून

दूरच्या सर्व्हरला रीबूटची कमांड दिली की एसएसएच (दुरून मशीनवर काम करायची जोडणी) तुटतं आणि आपण दुसऱ्या खिडकीत पिंग (मशीन उत्तर देतंय का ते पाहणारी कमांड) लावून वाट बघत बसतो. पहिलं मिनिट निवांत जातं. दुसऱ्या मिनिटाला आपण स्वतःची समजूत घालतो की मोठं मशीन आहे, मेमरी तपासायलाच वेळ घेतं. पाचव्या मिनिटाला घशाला कोरड पडते.

माझ्यावर ही पाळी पहिल्यांदा आली तेव्हा मशीन नवी मुंबईत ऐरोलीला होतं, मी पुण्यात होतो आणि घड्याळात रात्रीचे पावणेदोन वाजले होते. रिमोट कन्सोलचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो गावी गेलेला. गाडी काढली, एक्स्प्रेसवेने गेलो, मशीनला कीबोर्ड आणि स्क्रीन लावली, तेव्हा कळलं की अपडेटने काहीच बिघडवलेलं नाही. आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी आमच्या ऑफिसच्या नेटवर्ककडे जाणारा एक राउट (पॅकेट कोणत्या वाटेने जायचं ते सांगणारी नोंद) हाताने टाकला होता. तो कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेमरीत होता, फाइलीत कुणी लिहिलाच नव्हता. मधल्या आठ महिन्यांत मशीन एकदाही रीबूट झालं नव्हतं. अपडेट बिचारं फुकट बदनाम झालं.

नवीन माणसाने सर्वांत आधी हे डोक्यात पक्कं बसवावं. लिनक्सचं नेटवर्क दोन ठिकाणी राहतं: एक कर्नलच्या मेमरीत, दुसरं डिस्कवरच्या फाइलींमध्ये. रोज चालतं ते पहिलं. रीबूटनंतर उभं राहतं ते दुसऱ्यावरून. रोजकीर्द आणि खतावणी जुळत नसली तरी दुकान चालू राहतं, पण हिशेब तपासायच्या दिवशी सगळं बाहेर येतं. अपडेट हा तो दिवस. ‘अपडेटने नेटवर्क घालवलं’ अशा ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्यांतल्या बऱ्याचशा अशाच निघतात. उरलेल्यांमध्ये मात्र अपडेटचा खरोखर हात असतो, आणि तिथे बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाचं नाव बदललेलं असतं. या दोन्हींचा बंदोबस्त आधीच करता येतो.

खालचं मुख्य उदाहरण डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) १२ वरून १३ वर जाण्याचं आहे, कारण नेटवर्कच्या बाबतीत हा टप्पा बऱ्यापैकी खोडकर आहे. उबुंटू आणि रेड हॅटवाल्यांसाठीही पुढे लिहिलं आहे. कमांड आणि फाइलींची नावं आपण एकमेकांना फोनवर सांगतो तशी लिहिली आहेत; टंकताना ती अर्थातच नेहमीच्या अक्षरांत टाकायची.

आधी रीबूट, मग अपडेट

अपडेटच्या एक-दोन दिवस आधी, काहीही न बदलता, मशीन एकदा रीबूट करा. इतकंच. ते नीट वर आलं, तर फाइलींमध्ये जे लिहिलं आहे ते पुरेसं आहे असं समजतं. नाही आलं, तर दोष जुना आहे हे तिथेच सिद्ध होतं आणि शोधायलाही सोपं जातं, कारण त्या दिवशी दुसरं काही बदललेलंच नसतं.

याला विरोध होतो. ‘चारशे दिवसांचा अपटाइम आहे, कशाला हात लावायचा?’ असं म्हणणारा एक तरी ज्येष्ठ प्रत्येक टीममध्ये असतो. चारशे दिवसांचा अपटाइम म्हणजे चारशे दिवस न तपासलेली सेटिंग, एवढं त्यांना आदराने सांगा आणि रीबूटसाठी वेळ मागून घ्या.

रीबूटची परवानगी मिळतच नसेल तर निदान ‘आयपी राउट’चं उत्तर नजरेखालून घाला. बऱ्याच ओळींत ‘प्रोटो’ असा शब्द दिसेल आणि त्याच्यापुढे कर्नल, डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) किंवा स्टॅटिक. तो राउट कुणी टाकला हे त्यावरून कळतं. ‘प्रोटो’ नसलेली ओळ बहुधा कुणीतरी हाताने ‘आयपी राउट ॲड’ करून टाकलेली असते. डेबियनच्या इफअपडाउन या जुन्या नेटवर्क साधनाने टाकलेले राउटही असेच दिसतात, म्हणून तशी ओळ दिसली की /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत तिचा उगम आहे का ते पाहा. नसेल, तर तुमचा ऐरोलीचा फेरा तिथे दबा धरून बसलाय असं समजा.

मागचं दार

एसएसएचवरून नेटवर्कला हात लावणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणं. म्हणून नेटवर्कशिवाय मशीनपर्यंत पोहोचायची वाट आधी शोधा. डेलच्या सर्व्हरवर आयड्रॅक असतं, एचपीच्या सर्व्हरवर आयएलओ. आभासी मशीन असेल तर प्रॉक्समॉक्स किंवा व्हीएमवेअरचा कन्सोल. क्लाउडवर असाल तर सीरियल कन्सोल. वाट आहे एवढं माहीत असून भागत नाही. त्या दिवशी ती उघडा आणि लॉगिन करून प्रॉम्प्टपर्यंत जाऊन या.

क्लाउडवर इथेच एक फसगत होते. तिथली मशीन आपण एसएसएचच्या किल्लीने उघडतो आणि बहुतेक इमेजमध्ये कुठल्याच खात्याला पासवर्ड नसतो. कन्सोल मात्र पासवर्ड मागतो. म्हणजे दार आहे, पण बाहेरून कुलूप. अपडेटच्या आधी एका खात्याला चांगला लांब पासवर्ड द्या आणि कन्सोलवर एकदा वापरून पाहा. एसएसएचमध्ये पासवर्ड लॉगिन बंदच राहू द्या. कन्सोलच्या पासवर्डचा त्याच्याशी संबंध नाही.

आत्ता जे आहे ते लिहून ठेवा

अपडेटच्या आधी पुढच्या गोष्टींचं उत्तर एकेका फाइलीत साठवा: इंटरफेस आणि त्यांचे मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा क्रमांक), आयपी, सगळ्या टेबलांमधले राउट, ‘आयपी रूल’ (कोणत्या पॅकेटला कोणतं राउट टेबल ते ठरवणारे नियम), डीएनएस, फायरवॉलचे सगळे नियम, कोणत्या पोर्टवर कोणता प्रोग्राम ऐकतोय ते सांगणारं ‘एसएस’चं उत्तर. आयपीव्ही६ विसरू नका. वापरत नाही असं वाटतं, पण बऱ्याचदा कुणीतरी वापरत असतं. बॉण्ड (अनेक कार्डं जोडून केलेला एक इंटरफेस) असेल तर /प्रॉक/नेट/बॉण्डिंग मधली फाइल घ्या. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० ऐवजी ९००० ठेवलेला असेल तर त्याच्याभोवती लाल गोल करा, कारण तो बदलला तर पिंग चालतो, लॉगिन चालतं आणि मोठी फाइल पाठवली की सगळं अडकतं. अशा दोषाने मी एकदा दोन दिवस घालवलेत.

शिवाय पूर्ण /ईटीसी बांधून मशीनच्या बाहेर ठेवा. ईटीसीकीपर टाकलेलं असेल तर उत्तमच. ते एपीटीच्या (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या) प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर /ईटीसीतल्या बदलांची नोंद आपणहून ठेवतं.

मी कार्डं, मॅक ॲड्रेस आणि स्विचचे पोर्ट यांची यादी फोनमध्ये फोटो काढून ठेवतो. हसू येईल, पण ज्या व्हीपीएनमधून तुम्ही तुमच्या नोंदींपर्यंत पोहोचता तो व्हीपीएन याच सर्व्हरवर चालत असेल तर काय कराल?

कार्डाचं नाव बदलतं ते का

पूर्वी लिनक्समध्ये कार्डांची नावं ईटीएच०, ईटीएच१ अशी असत. कर्नलला जे कार्ड आधी सापडेल ते शून्य. दोन कार्डं असली की कधीतरी क्रम उलटायचा, आणि आतल्या नेटवर्कची फायरवॉल बाहेरच्या तोंडाला लागायची. २०१३ साली सिस्टमडीच्या (मशीनमधल्या सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) १९७ व्या आवृत्तीत नावांची नवी पद्धत आली. त्यात नाव कार्डाच्या जागेवरून पडतं. ‘ईएन’ म्हणजे इथरनेट. पुढे ‘ओ’ आलं तर मदरबोर्डवरचं कार्ड, ‘एस’ आलं तर स्लॉटचा क्रमांक, ‘पी’ आलं तर पीसीआय बसवरची जागा, ‘एक्स’ आलं तर मॅक ॲड्रेस. ईएनपी३एस० म्हणजे तिसऱ्या बसवरच्या शून्याव्या स्लॉटमधलं कार्ड.

पद्धत चांगली आहे, पण ती स्थिर राहते हार्डवेअर आणि नियम दोन्ही तसेच राहिले तरच. मशीनमध्ये नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवलं की बसचे क्रमांक सरकू शकतात, आणि ज्या नेटवर्क कार्डाला कुणी हातही लावला नाही ते ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं. घरी प्रॉक्समॉक्स चालवणाऱ्यांना हा अनुभव चांगलाच ओळखीचा आहे. आणि नियम? ते सिस्टमडीच्या आवृत्तीबरोबर सुधारतात. मोठं अपग्रेड म्हणजे सिस्टमडीची नवी आवृत्ती आणि नवा कर्नल, म्हणजे नावं ठरवणारे दोघेही एकदम बदलले.

डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. त्यात सिस्टमडी २५२ वरून २५७ वर गेलं. आवृत्तीबरोबरच्या टिपणांतच दोन प्रकार स्पष्ट सांगितले आहेत. एक, इंटेलच्या आय४०ई ड्रायव्हरवर चालणारी कार्डं: त्यांच्या नावाला शेवटी ‘एनपी०’सारखं शेपूट लागू शकतं. ईएनपी१एस०एफ० चं ईएनपी१एस०एफ०एनपी० होतं. दोन, ज्या मशीनचं फर्मवेअर स्लॉटचा क्रमांक सांगतं तिथे ईएनपी१एस० चं ईएनएस१ होऊ शकतं. दोन्ही वेळा कार्ड तेच, केबल तीच, फाइलीतली सेटिंग अगदी बरोबर. फक्त त्या नावाचं कुणी आता त्या घरात राहत नाही.

तपासायची युक्ती अशी. पॅकेजेस नवी झाली, पण रीबूट अजून केलेलं नाही, अशा अवस्थेत ‘यूडेव्हएडीएम टेस्ट-बिल्टइन नेट_सेटअप_लिंक’ ही कमांड द्या आणि पुढे /सिस/क्लास/नेट खालचा तुमच्या कार्डाचा मार्ग लिहा. उत्तरात ‘आयडी_नेट_नेम’ची ओळ पाहा. तिथे आजच्यापेक्षा वेगळं नाव असेल तर रीबूट करू नका. नव्या कर्नलमुळे लागणारं शेपूट मात्र या तपासणीत दिसेलच असं नाही, कारण तुम्ही अजून जुन्या कर्नलवर बसलेले असता.

म्हणून मी तपासणीवर विसंबत नाही. अपग्रेडच्या आधीच नाव बांधून टाकतो.

नाव बांधायचं कसं

/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क या फोल्डरमध्ये शेवटी ‘.लिंक’ असलेली एक फाइल बनवायची. नावाची सुरुवात १० ने करा, म्हणजे ती मूळच्या ९९ वाल्या फाइलीच्या आधी वाचली जाईल. जी फाइल पहिली जुळते तीच लागू होते, बाकीच्यांकडे कुणी बघत नाही. आत चार ओळी. चौकटी कंसात ‘मॅच’, त्याखाली ‘परमनंटमॅकॲड्रेस’ला कार्डाचा मूळ मॅक. मग चौकटी कंसात ‘लिंक’, त्याखाली ‘नेम’ला हवं ते नाव.

नुसता ‘मॅकॲड्रेस’ का नको? कारण बॉण्डमधल्या कार्डांना बॉण्डचाच मॅक मिळतो, आणि व्हीलॅनचा (त्याच केबलवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) इंटरफेस खालच्या कार्डाचा मॅक घेतो. मग एकाच नावावर दोघे हक्क सांगायला लागतात. परमनंट म्हणजे कार्डात कोरलेला. तो फक्त खऱ्या कार्डाकडेच असतो.

नाव कोणतं द्यायचं, यात दोन मतं आहेत. चालू मशीनवर मी जुनंच नाव बांधतो, म्हणजे बाकीच्या कुठल्याच फाइलीला हात लावावा लागत नाही. नवीन मशीन उभं करताना मात्र लॅन०, वॅन०, बॅकअप० अशी कामाची नावं देतो. एक करू नका: ईटीएच० हे नाव देऊ नका. ते कर्नलचं स्वतःचं आहे, दोघांत शर्यत लागते आणि कधी कोण जिंकेल सांगता येत नाही. नाव १५ अक्षरांपेक्षा लांबही चालत नाही.

फाइल लिहिल्यावर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवायचं, रेड हॅटच्या घराण्यात ‘ड्रॅकट -एफ’. नवीन माणसं हमखास विसरतात ती पायरी हीच. मशीन चालू होताना अगदी सुरुवातीला जी छोटी फाइलप्रणाली मेमरीत चढते, तिच्यात या फाइलींची प्रत असते. ती जुनी राहिली तर नाव तिथेच जुन्या नियमाने ठरून जातं. मग पुन्हा रीबूट करून नाव बांधलं गेलंय याची खात्री करा, आणि त्यानंतरच अपग्रेड.

दुसरी वाट म्हणजे कर्नलच्या सुरुवातीच्या ओळीत ‘नेट.नेमिंग-स्कीम’ देऊन नियमांची आवृत्ती गोठवणं. डेबियन १२ चे नियम हवे असतील तर व्ही२५२. डझनभर कार्डांच्या मशीनवर हे सोयीचं पडतं, पण ड्रायव्हरमुळे लागणाऱ्या शेपटावर त्याचा भरवसा धरू नका. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये तर नावं बांधण्यासाठी वेगळं साधनच दिलं आहे, ‘पीव्हीई-नेटवर्क-इंटरफेस-पिनिंग’ नावाचं. तिथे तेच वापरा, हाताने खटाटोप करू नका.

बांधलेल्या नावाचीही एक किंमत आहे. कार्ड जळालं आणि बदललं, किंवा आभासी मशीनची प्रत काढली, की मॅक बदलतो आणि गाठ सुटते. मशीनच्या नोंदवहीत एक ओळ लिहून ठेवा: ‘इथे नाव मॅकला बांधलं आहे.’ दोन वर्षांनी जो कुणी कार्ड बदलेल तो दुवा देईल.

नाव आणखी कुठे कुठे आहे

नाव बदलायचंच ठरवलं, किंवा बदललंच, तर नेटवर्कची फाइल सुधारून काम संपत नाही. /ईटीसी मध्ये ‘ग्रेप -आर’ करून जुनं नाव शोधा. किपअलाइव्हडी, डीएचसीपी सर्व्हर, वायरगार्डचे चालू होतानाचे नियम, देखरेखीचे एजंट, कुणीतरी लिहिलेली एखादी स्क्रिप्ट… दरवेळी एखादी अनपेक्षित जागा सापडते.

यात फायरवॉल सर्वांत धोक्याची. एनएफटेबल्समध्ये इंटरफेस दोन प्रकारे लिहिता येतो: ‘आयआयएफ’ आणि ‘आयआयएफनेम’. पहिला प्रकार नियम चढवतानाच त्या नावाचा इंटरफेस शोधतो. तो सापडला नाही तर चूक दाखवतो, आणि संपूर्ण फाइल एकत्रच चढत असल्याने एकही नियम लागत नाही. म्हणजे मशीन व्यवस्थित वर आलंय, पिंग चालतोय, सगळे खूश आहेत आणि फायरवॉल मात्र नाहीच. ‘आयआयएफनेम’ नुसतं नाव ताडून पाहतो, त्यामुळे इंटरफेस नसला तरी बाकीचे नियम उभे राहतात. थोडा हळू आहे म्हणतात. माझ्या कुठल्याच सर्व्हरवर तो फरक जाणवलेला नाही.

अपग्रेड चालू असताना

टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारी साधनं) काम करा. घरची वीज गेली, वायफाय गेलं, तरी तिकडे पॅकेजांची फेरी अर्धवट राहता कामा नये. उबुंटूचं ‘डू-रिलीज-अपग्रेड’ एसएसएचवरून चालवलं तर ते सावधगिरी म्हणून १०२२ पोर्टवर आणखी एक एसएसएच सर्व्हर उघडतं. बाहेरची फायरवॉल तो पोर्ट अडवत असेल तर तात्पुरता मोकळा करून ठेवा.

‘एपीटी फुल-अपग्रेड’ पुढे जायच्या आधी काढून टाकायच्या पॅकेजांची यादी दाखवतं. ती वाचा. खरंच वाचा. इफअपडाउन, इफएन्स्लेव्ह, ब्रिज-युटिल्स, डीएचसीपीचा क्लायंट यांपैकी काही त्या यादीत दिसलं तर थांबा आणि त्याच्या जागी काय येतंय ते पाहा.

मध्येच एखाद्या फाइलीबद्दल प्रश्न येतो: पॅकेजवाल्याची नवी प्रत घ्यायची की तुमची ठेवायची? नेटवर्क, फायरवॉल आणि एसएसएचच्या फाइलींसाठी उत्तर एकच: तुमची ठेवा. नुसतं एंटर दाबलं तरी तेच होतं. नवी प्रत शेजारी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ शेपटाने पडून राहते. रेड हॅटच्या बाजूला तिला ‘.आरपीएमन्यू’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी चहा घेत शांतपणे दोन्ही ताडून पाहा. रीबूटच्या आधी ‘एसएसएचडी -टी’ मात्र चालवाच. जुन्या फाइलीतला एखादा पर्याय नव्या एसएसएचला माहीत नसेल तर तो तिथेच ओरडेल.

आणि मधल्या वेळात हाताने नेटवर्क रीस्टार्ट करायचा मोह आवरा.

नावाशी संबंध नसलेले खड्डे

डेबियन १३ मध्ये /ईटीसी/सिसीटीएल.कॉन्फ ही फाइल सिस्टमडी वाचत नाही. वर्षानुवर्षं आपण सगळ्यांनी आयपी फॉरवर्डिंगची ओळ तिथेच टाकली. ती आता /ईटीसी/सिसीटीएल.डी या फोल्डरमध्ये, शेवटी ‘.कॉन्फ’ असलेल्या फाइलीत हवी. नाहीतर व्हीपीएनचा किंवा राउटरचं काम करणारा सर्व्हर मोठ्या रुबाबात वर येतो, सगळे इंटरफेस हिरवे, पण एका बाजूचं पॅकेट दुसऱ्या बाजूला जात नाही.

डीएचसीपीवर आयपी राखून ठेवलेला असेल तर क्लायंट बदलला की ओळखही बदलू शकते. काही क्लायंट मॅक सांगतात, काही मशीनच्या आयडीवरून बनवलेली ओळख सांगतात. सर्व्हरला वाटतं नवा पाहुणा आला. तो वेगळा आयपी देतो. नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या साधनात) ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’ला ‘मॅक’ लिहिलं की प्रश्न मिटतो. प्रॉडक्शनमध्ये शक्यतो स्थिर आयपीच द्यावा, असं माझं मत.

अजून डेबियन ११ वर असाल, तर १२ वर जाताना सोर्सेसच्या यादीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा विभाग जोडायला विसरू नका. ब्रॉडकॉमची काही कार्डं फर्मवेअरशिवाय जागीच होत नाहीत.

आपोआप होणारे अपडेट

इथवर आपण समोर बसून केलेल्या अपग्रेडबद्दल बोललो. झोपेत होणाऱ्या अपडेटची गोष्ट वेगळी.

८ मार्च २०२३ रोजी डेटाडॉग या देखरेख सेवेचे ग्राहक अचानक आंधळे झाले. यूटीसी वेळेप्रमाणे सकाळचे ६:०३, म्हणजे आपल्याकडे ११:३३. कंपनीने नंतर कारण सविस्तर जाहीर केलं. त्यांच्या उबुंटू २२.०४ वाल्या मशीनवर सिस्टमडीचा एक सुरक्षा अपडेट आपोआप बसला. त्यामुळे नेटवर्कडी ही सिस्टमडीची नेटवर्क सांभाळणारी सेवा रीस्टार्ट झाली. नेटवर्कडीच्या नव्या आवृत्त्यांची सवय अशी की सुरू होताना ओळखीचे नसलेले आयपी रूल ती झाडून टाकते. कुबरनेटीसचं (कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीचं) नेटवर्क सांभाळणाऱ्या सिलियमने टाकलेले रूल तिच्या ओळखीचे नव्हते. झाडू फिरला, मशीन तुटल्या. वेगवेगळ्या प्रदेशांत, वेगवेगळ्या क्लाउडवर असलेल्या हजारो मशीन, ज्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, तासाभरात एकाच रोगाने पडल्या, कारण सगळ्यांच्या अपडेटची वेळ सारखीच होती. नवीन मशीन मात्र ठणठणीत उभ्या राहत होत्या, कारण तिथे नेटवर्कडी आधी सुरू व्हायची आणि सिलियम नंतर. म्हणजे चाचणीत हा दोष सहजासहजी दिसणारच नव्हता.

उबुंटू आणि डेबियनमध्ये ‘एपीटी-डेली-अपग्रेड’चा टायमर मुळात सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान कधीतरी चालतो. कुणाचे सहा? मशीनच्या घड्याळाचे. क्लाउडवरची बहुतेक मशीन यूटीसीवर असतात, म्हणजे तुमच्याकडे साडेअकरा ते साडेबारा, ऐन कामाची वेळ. ही गोष्ट मी दर वर्षी एखाद्या नव्या सहकाऱ्याला सांगतो आणि तो लगेच उठून टायमर बघायला जातो.

सुरक्षा अपडेट बंद करा असा याचा अर्थ नाही. तुकड्या पाडा. जोडीतल्या एका मशीनचा टायमर सोमवारी, दुसरीचा बुधवारी. आणि मशीनवर डॉकर, सिलियम, कॅलिको किंवा तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टने टाकलेले राउट असतील, तर /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्कडी.कॉन्फ.डी मध्ये एक फाइल ठेवून चौकटी कंसातल्या ‘नेटवर्क’ खाली ‘मॅनेजफॉरेनराउट्स’ आणि ‘मॅनेजफॉरेनराउटिंगपॉलिसीरूल्स’ या दोघांना ‘नो’ लिहा. दुसऱ्याच्या सामानाला हात लावू नकोस, एवढाच त्याचा अर्थ. मग भर दिवसा, कन्सोल उघडा ठेवून, नेटवर्कडी मुद्दाम रीस्टार्ट करा आणि ‘आयपी रूल’ आधी-नंतर ताडून पाहा.

उबुंटू आणि रेड हॅटवाल्यांसाठी

उबुंटूत नेटप्लॅन आहे आणि त्यात ‘नेटप्लॅन ट्राय’ ही देणगी आहे. बदल लागू होतो, तुम्ही १२० सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग परत येते. बॉण्ड आणि ब्रिजच्या खास पर्यायांना मात्र ही माघार घेता येत नाही. क्लाउड-इनिटने (क्लाउडवर मशीनची पहिली मांडणी करणाऱ्या साधनाने) बनवलेल्या, ५० ने सुरू होणाऱ्या फाइलीत बदल करून ठेवलात तर ती कधीतरी पुन्हा लिहिली जाऊन तुमचा बदल पुसला जाऊ शकतो. आधी /ईटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी.डी मध्ये त्याचं नेटवर्कचं काम बंद करा, मग स्वतःची फाइल लिहा.

रेड हॅट, अल्मा, रॉकी यांच्याकडे मुद्दा नेटवर्क सेटिंगच्या जुन्या आयएफसीएफजी फाइलींचा आहे. आवृत्ती ९ त्या अजून वाचते, १० वाचत नाही. ९ वर असतानाच ‘एनएमसीएलआय कनेक्शन मायग्रेट’ चालवा. ती /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/सिस्टम-कनेक्शन्स मध्ये नव्या पद्धतीच्या फाइली बनवते. या फाइली बॅकअपमधून परत आणल्या तर मालक रूट आणि परवानगी ६०० हवी. नाहीतर नेटवर्कमॅनेजर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि तुम्ही आतली प्रत्येक ओळ दहा वेळा वाचत बसता. लीप (रेड हॅटचं अपग्रेडचं साधन) वापरून ७ वरून ८ वर जाताना एकापेक्षा जास्त ईटीएच नावाची कार्डं असतील तर लीप स्वतःच अडून बसतं. त्याचं ऐका.

नेटप्लॅन नसेल तिथे मी माघारीची सोय हाताने करतो: ‘ॲट’ कमांडने दहा मिनिटांनंतरचं एक काम लावायचं, जे जुनी फाइल परत जागेवर ठेवेल आणि मग मशीन रीबूट करेल. दोन्ही, आणि याच क्रमाने. नुसतं रीबूट लावलं तर मशीन तुमची चुकलेली फाइलच घेऊन पुन्हा उभं राहील. सगळं नीट झालं की ते काम रद्द करायला विसरू नका. मी एकदा विसरलोय.

रीबूट केलं, आणि मशीन दिसत नाही

दहा मिनिटं थांबा, मग कन्सोल उघडा. पहिली कमांड ‘आयपी लिंक’. फोनमधल्या फोटोशी मॅक जुळवा. कार्ड दिसतंय पण नाव वेगळं? इंटरफेस ‘डाउन’ करा, ‘आयपी लिंक सेट’ने जुनं नाव द्या, नेटवर्क सेवा पुन्हा सुरू करा; मशीन दोन मिनिटांत दिसायला लागेल. कार्डच दिसत नसेल तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा प्रश्न आहे: ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूमधून) जुना कर्नल निवडून पाहा. नाव बदललं असताना जुन्या कर्नलवर फार आशा ठेवू नका, कारण नावं पाडणारा यूडेव्ह नवाच राहतो. कार्ड, नाव, आयपी सगळं जागेवर आहे पण बाहेर जाता येत नाही, तर ‘आयपी राउट’ची जुनी आणि नवी फाइल ‘डिफ’ला द्या. गेटवेला पिंग जातोय पण नावं सुटत नाहीत, तर /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ कुठे बोट दाखवतोय ते पाहा. ती फाइल हल्ली बहुधा दुसऱ्या फाइलीकडे जाणारी नुसती कडी असते, आणि १२७.०.०.५३ दिसलं तर रिझॉल्व्हडी चालू आहे का ते तपासा.

मशीन दिसायला लागलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि झोपायला जातात. पण कन्सोलवर तुम्ही जे दिलंत ते नाव, तो राउट, सगळं पुन्हा मेमरीतच आहे. त्याच रात्री ते फाइलीत लिहा, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा, आणि कन्सोल अजून उघडा असतानाच आणखी एकदा रीबूट करा.